इशारा देतंय कोण?

‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले आहेत. ही खिडकी बंद करू नका. ताबडतोब खालील नंबरवर फोन करा.’ इंग्रजीतला हा मजकूर लाल-निळ्या पट्ट्यांसह पडदाभर पसरतो, स्पीकरमधून एक बाई तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवू लागते आणि घरात एकदम धांदल उडते. चोपडा असो, शिरपूर असो की धुळ्याचं देवपूर, पुढचं बोलणं ठरलेलं. ‘अरे, काय दाबलंस तू?’ ‘मी काहीच नाही दाबलं!’ मग कुणीतरी दुकानदाराला फोन लावतं, ‘भाऊ, कॉम्प्युटरमा व्हायरस घुसी गया.’ आणि तिकडून उत्तर येतं, ‘घेऊन या, फॉरमॅट मारावा लागेल.’

अशा बहुतेक वेळी संगणकाला काहीही झालेलं नसतं. ज्याला खरोखर काही झालेलं असतं, तो संगणक एवढा आरडाओरडा करत नाही. त्याचा इशारा उजव्या कोपऱ्यात दोन-चार ओळींत येतो आणि आपण फुलीवर टिचकी मारून तो घालवतो. ही उलटी तऱ्हा मला फार बोचते. खोट्या इशाऱ्याला सगळं घर घाबरतं, पैसे मोजतं. खऱ्याकडे मात्र वर्षानुवर्षं काणाडोळा होतो. दोन्हीचं कारण एकच. पडद्यावर जे उमटलंय ते कोण बोलतंय, हे आधी बघायची सवय आपल्याला कुणी लावलेली नाही.

बोलणारे मोजकेच असतात: उघडलेलं वेबपान, ते दाखवणारा ब्राउझर (क्रोम, एज, फायरफॉक्स), विंडोज, वेगळा टाकलेला अँटिव्हायरस आणि विंडोज सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर बोलणारा मदरबोर्ड, म्हणजे संगणकातला मुख्य सर्किट बोर्ड. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि प्रत्येकाला काय कळू शकतं, तेही ठरलेलं आहे.

वेबपानाची हद्द अ‍ॅड्रेस बारच्या, म्हणजे साइटचा पत्ता दिसतो त्या पट्टीच्या, खाली सुरू होते. त्या चौकटीत ते काहीही रंगवू शकतं: विंडोजची ढाल, सरकणारी पट्टी, भराभर पळणारी फाइलींची नावं, गृह मंत्रालयाची मुद्रा आणि दंडाची रक्कमसुद्धा. भिंतीवर दार रंगवावं तसं हे सगळं आहे. कडी दिसते, पण त्यातून कुणी आत येत नाही. ब्राउझर प्रत्येक पान बंद कप्प्यात चालवतो आणि त्या कप्प्यातून तुमच्या सी ड्राइव्हमधल्या फाइली वाचायची परवानगी पानाला नसते. त्यामुळे ‘स्कॅन चालू आहे, ४३ टक्के’ हे नुसतं हलतं चित्र असतं. पानाला कळतं ते साधारण एवढंच: ब्राउझर कोणता, विंडोज कोणती, पडद्याचा आकार किती आणि तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेला क्रमांक, काय. आयपी पत्त्यावरून ते शहराचं नाव दाखवतं आणि माणसं सगळ्यात जास्त घाबरतात ती तिथेच. पण हे नाव अनेकदा चुकीचं असतं. यावलमध्ये बसलेल्या माणसाला ‘नाशिक’ किंवा ‘मुंबई’ दिसतं, कारण तो पत्ता इंटरनेट कंपनीची यंत्रणा जिथे आहे तिथल्या नावावर नोंदलेला असतो.

फोन नंबर दिसला की विषय संपला असं समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे त्या कंपनीनेच जाहीर केलेलं आहे. तीच गोष्ट दंडाची. पोलीस किंवा कुठलंही मंत्रालय ब्राउझरच्या पानावर दंड मागत नाही, आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही अटक आपल्या कायद्यात नाही.

आता अशा पानातून बाहेर कसं पडायचं ते. आधी स्पीकरचा आवाज बंद करा. त्या बाईचा आवाज थांबला की निम्मी घाई ओसरते. पानावरच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, ‘कॅन्सल’ आणि फुलीलासुद्धा नाही, कारण तीही चित्रंच आहेत. अशी पानं पहिली टिचकी मिळताच पडदा पूर्ण व्यापतात, त्यामुळे खरी फुली आणि अ‍ॅड्रेस बार दिसेनासे होतात. एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसतं एकदा दाबून काही वेळा भागत नाही. नाही सुटलं तर एफ११. कंट्रोल आणि डब्ल्यूने टॅब जातो, ऑल्ट आणि एफ४ने पूर्ण ब्राउझर. तेही अडलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत ब्राउझरचं नाव निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. टास्क मॅनेजर त्या पानामागे लपत असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबा. हा पडदा विंडोजचा स्वतःचा असतो आणि कुठलंही पान तो झाकू शकत नाही. अगदीच काही चाललं नाही तर पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा. टाइप करून सेव्ह न केलेलं जाईल, पण ‘बंद केल्यास डेटा नष्ट होईल’ ही धमकी पोकळ आहे.

पुन्हा ब्राउझर उघडला की तो ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारतो. तिथे ‘रिस्टोअर’ दाबलं की तेच पान हजर. ‘मागे सोडलं तिथून सुरू करा’ अशी सेटिंग असेल तर तो विचारतही नाही, थेट आणतो. अशा वेळी आधी नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, मग ब्राउझर उघडा. पान लोड होऊ शकत नाही, टॅब निमूटपणे बंद होतो. मग सेटिंग्जमध्ये ‘ऑन स्टार्टअप’खाली नवं कोरं पान निवडा आणि गेल्या २४ तासांची हिस्टरी, कुकीज आणि कॅश पुसून टाका. एवढं झालं, काही डाउनलोड केलं नाही आणि फोन केला नाही, तर प्रकरण इथेच मिटलं. फॉरमॅटची गरज नाही.

ही पानं येतात कुठून? फुकट सिनेमा आणि क्रिकेट दाखवणाऱ्या साइटींवरून, एका पानावर चार-चार ‘डाउनलोड’ बटणं असतात तिथून, एखादं अक्षर चुकून टाइप केलेल्या पत्त्यावरून, आणि गूगलवर शोधल्यावर सर्वांत वर ‘स्पॉन्सर्ड’ म्हणून येणाऱ्या दुव्यांवरूनही. सातबारा, पीक विमा, महाडीबीटी, विद्यापीठाचा निकाल या गोष्टी शोधताना जाहिरातीच्या दुव्यावर जाऊ नका. बहुतेक सरकारी साइटींचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’वर संपतो. शेवटचे हे दोन तुकडे बघायला क्षणभरच लागतो. मधे कितीही ओळखीचे शब्द असले तरी त्यांच्यावर विसंबू नका.

दुसरा प्रकार जास्त छळतो. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दर काही मिनिटांनी एक पाटी सरकत येते, ‘तुमचं संरक्षण संपलं’, ‘धोका! आता साफ करा’. ब्राउझर बंद असला तरी येते, म्हणून सगळ्यांना वाटतं की व्हायरस आत शिरला. खरी गोष्ट अशी की कधीतरी एखाद्या साइटने ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असं म्हटलं आणि आपण ते दाबलं. ते बटण रोबोटसाठी नव्हतंच. त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची ती परवानगी होती. खिडकी बंद केल्यावरही क्रोम मागे चालू राहू शकतो, म्हणून पाट्या येतच राहतात. अँटिव्हायरसने कितीही स्कॅन करा, काही सापडणार नाही. सापडण्यासारखं आत काही नाहीच.

पाटी नीट वाचली तर तिच्यावर बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि एका साइटचा पत्ता दिसतो. विंडोजच्या सुरक्षेच्या खऱ्या पाटीवर ‘विंडोज सिक्युरिटी’ असं नाव असतं, साइटचा पत्ता नसतो. उपाय दोन मिनिटांचा. क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटींची यादी तिथे दिसते. अनोळखी नावापुढचे तीन ठिपके दाबून ‘ब्लॉक’ निवडा. ‘रिमूव्ह’ केलं तर ती साइट पुढच्या वेळी परत विचारू शकते, म्हणून ब्लॉक बरं. त्याच पानावर वरच्या बाजूला साइटींना नोटिफिकेशन विचारूच न देण्याचा पर्याय आहे. घरात वडीलधारी किंवा लहान मुलं संगणक वापरत असतील तर तो आजच निवडून ठेवा. नंतर सेटिंग्जमधल्या ‘सिस्टम’ भागात जाऊन ब्राउझर बंद असताना मागे काम करत राहण्याची परवानगीही काढा. एज आणि फायरफॉक्समध्ये नावं थोडी वेगळी, पण नोटिफिकेशन्सची यादी असतेच.

त्याच बैठकीत एक्स्टेन्शन्सही, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅमही, बघून घ्या. जे कुणी आणि का टाकलं हे घरात कुणालाच सांगता येत नाही, ते काढा. क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ अशा अर्थाची ओळ दिसली आणि हा घरचा पीसी असेल, तर बहुधा एखाद्या प्रोग्रॅमने ब्राउझरवर स्वतःचे नियम लादलेले असतात. काही अँटिव्हायरसही असे नियम लावतात, म्हणून आधी ते तपासा. फॉरमॅट मारूनही त्रास परत येतो, त्यामागे अनेकदा हीच गंमत असते: गूगल खात्यात साइन इन केलं की सिंकमधून, म्हणजे खात्यात साठवलेल्या सेटिंग्जमधून, जुनं एक्स्टेन्शनही परत येतं.

आता खऱ्या इशाऱ्यांकडे. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस आधीपासून असतो. टास्कबारवरच्या घड्याळाजवळच्या ढालीवर टिचकी मारली की विंडोज सिक्युरिटी उघडतं. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ आहे. डिफेंडरने काही पकडलं असेल तर त्याची नोंद तिथे असते: काय, कधी आणि कोणत्या फाइलमध्ये. पडद्यावर नुकताच आलेला इशारा तिथे नसेल, तर तो डिफेंडरने दिलेला नाही. शंका राहिलीच तर ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘फुल स्कॅन’ लावा; जुन्या हार्ड डिस्कवर त्याला काही तास लागतात, म्हणून रात्री लावलेला बरा. जे परत परत उगवतं त्यासाठी ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. यात संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्याला तेव्हा लपता येत नाही. साधारण १५ मिनिटांचं काम. लाइट जायच्या वेळी मात्र हे काम काढू नका.

नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या अँटिव्हायरसची फुकटची मुदत संपल्यावर येणारे इशारे खरे असतात, फक्त भाषा नको तेवढी भीतीची असते. तो विकत घ्यायचा नसेल तर ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’मधून काढून टाका आणि रीस्टार्ट करा, डिफेंडर आपोआप काम हातात घेतो. मुदत संपलेला तसाच पडून राहू देणं हा सगळ्यात वाईट पर्याय. ‘विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला’ हा पडदाभर येणारा संदेशही खराच, त्यात फोन नंबर नसतो. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये नोंदणी करावी लागते.

आता आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीची खरी दुखरी नस. जळगावच्या काय, भुसावळच्या काय किंवा नंदुरबारच्या, बहुतेक दुकानांत पीसी जोडून देताना गिऱ्हाईक विचारतं, ‘विंडोज आणि ऑफिस टाकून द्याल ना?’ आणि ते टाकून दिलं जातं. लायसन्स नसतं, अ‍ॅक्टिव्हेटर नावाचा, लायसन्स असल्याचा भास करून देणारा छोटा प्रोग्रॅम चालवलेला असतो. डिफेंडर त्याला ‘हॅकटूल’ या नावाने पकडतो, पुढे बहुधा ‘केएमएस’ ही अक्षरं असतात. मग अ‍ॅक्टिव्हेटर चालावा म्हणून डिफेंडर बंद करतात किंवा त्याला अपवाद घालून ठेवतात. घरी इशारा आला की दुकानदार सांगतो, ‘ते काही नाही, अलाउ करून टाका.’ दुकानदाराला दोष देऊन मोकळं होता येणार नाही, मागणी आपलीच असते. पण त्याचा परिणाम काय झाला ते बघा. इशारा खरा होता आणि घरातल्या सगळ्यांनी तो न वाचता ‘अलाउ’ करायचं शिकून घेतलं.

तपासायचं असं. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, ‘मॅनेज सेटिंग्ज’. इथे रिअल टाइम प्रोटेक्शन आणि टँपर प्रोटेक्शन (सुरक्षेच्या सेटिंग्ज परस्पर बदलू न देणारं) दोन्ही चालू हवेत. वेगळा अँटिव्हायरस असेल तर पहिलं बंद दिसणं स्वाभाविक आहे. मग त्याच पानावर सगळ्यात खाली ‘एक्स्क्लूजन्स’, म्हणजे अपवादांची यादी, उघडा. घरगुती संगणकात ही यादी रिकामी असायला हवी. काही पीसींमध्ये तिथे आख्खा सी ड्राइव्ह घातलेला सापडतो. म्हणजे ढाल हिरवी, टिकमार्क जागेवर, आणि विंडोज ज्या ड्राइव्हमध्ये आहे तिथे डिफेंडर बघतच नाही. यादी रिकामी करा आणि फुल स्कॅन लावा. हॅकटूल सापडला तर ‘रिमूव्ह’ करा. पुढे ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ अशी पाटी कोपऱ्यात दिसू लागेल, वॉलपेपर बदलता येणार नाही. पण सुरक्षा अपडेट्स येत राहतात. पत्रं आणि हिशेब लिहायला लिबरऑफिस फुकट आहे, त्यात युनिकोड मराठी व्यवस्थित उमटतं. ज्या संगणकावरून बँकेचं काम होतं, तिथे क्रॅक केलेलं काहीही नको. हे मी अगदी ठाम सांगतो.

दुसरा खरा इशारा खान्देशात जरा जास्तच भेटतो, आणि त्याचं कारण मदरबोर्डवरच्या एका सेलमध्ये असतं. एके दिवशी बँक, जीमेल, यूट्यूब, काहीही उघडलं की ब्राउझर म्हणतो, ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही.’ एकाच साइटवर असं आलं तर गडबड बहुधा त्या साइटची. एखाद्या सरकारी साइटचं प्रमाणपत्रही (साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) अधूनमधून संपलेलं असतं. पण सगळ्याच साइटींवर आलं तर आधी घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच चालतं. १ सप्टेंबर २०२० पासून त्याची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवस होती, १५ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्रांसाठी ती २०० दिवसांवर आली. संगणकाला वाटतं आपण २०१५ मध्ये आहोत, म्हणून त्याच्या लेखी आजची सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नसतात.

घड्याळ मागे जातं ते सेल संपल्यामुळे. दुकानात याला सीमॉस सेल किंवा बायोसचा सेल म्हणतात, नंबर २०३२: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, ३ व्होल्ट. भिंतीतला वीजपुरवठा चालू असताना घड्याळाला लागणारा प्रवाह एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, मिळतो; भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद असताना तो भार सेलवर येतो. आपल्याकडे काम झालं की बोर्डावरचं बटण बंद करायची सवय आहे. विजेचा चढउतार आणि पावसाळ्यातल्या विजा पाहता ती योग्यच आहे, पण सेलला त्यामुळे सुट्टी मिळत नाही. त्यात लोडशेडिंग आणि मे महिन्यात ४५ अंशांकडे जाणारी उष्णता. सेल पूर्ण संपण्याआधी काही दिवस सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ असं येत असतं आणि एफ१ दाबून गाडी पुढे ढकलली जाते. हाच मदरबोर्डचा इशारा.

बदलण्याआधी एक काळजी घ्या. सेल काढला की बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डमधल्या प्रोग्रॅमच्या, सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात. जुन्या मदरबोर्डवर त्यात हार्ड डिस्कचा साटा मोडही, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धतही, बदलतो आणि मग विंडोज निळा पडदा दाखवून सुरूच होत नाही. माणसं समजतात हार्ड डिस्क गेली. म्हणून आधी बायोसमध्ये जाऊन साटा मोड एएचसीआय आहे की आयडीई, याचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. मग संगणक बंद करा, पॉवरची वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार घालवा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. सेलच्या कडेची धातूची पट्टी हलकेच बाहेर ढकलली की सेल उडी मारून वर येतो. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, तारीख-वेळ लावा, साटा मोड फोटोप्रमाणे करा आणि एफ१० ने जतन करा. मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजून बघा: नवा ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, अडीचच्या आसपास आलेला कामातून गेला.

‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू असूनही वेळ जुळत नाही, अशी तक्रार इथे हमखास येते. त्याचं कारण साधं आहे. घरगुती विंडोज स्वतःहून १५ तासांपर्यंतचाच फरक दुरुस्त करतं. त्यापेक्षा जास्त फरक असेल तर तारीख आधी हाताने लावावी लागते, मग ‘सिंक नाउ’. टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली हाच हवा. आणि घड्याळ बरोबर असताना बँकेच्या साइटवर हा इशारा आला, तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून पुढे जायचं नाही. बँकेच्या बाबतीत त्याला अपवाद नाही.

पेनड्राइव्हची गोष्ट थोडक्यात. झेरॉक्सच्या दुकानातून किंवा सेतू केंद्रातून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसले तर त्यांच्यावर डबल क्लिक करू नका, तो क्लिकच तर हवा असतो. आधी पेनड्राइव्हवर उजवं क्लिक करून डिफेंडरचा स्कॅन लावा. खऱ्या फाइली बहुधा लपवलेल्या असतात. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ दाखवायला सांगा, आणि फोल्डर ऑप्शन्समधली संरक्षित सिस्टम फाइली लपवण्याची खूण तात्पुरती काढा. फाइली दिसल्या की दुसरीकडे कॉपी करा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि ती खूण परत घाला.

या सगळ्यांत मला सर्वांत घातक वाटणारा प्रकार दिसायला अगदी साधा आहे. २०२४ पासून तो फार पसरला. ना लाल रंग, ना आवाज. पान म्हणतं, ‘तुम्ही माणूस आहात याची खात्री करा.’ चौकटीवर टिचकी मारली की तीन पायऱ्या दिसतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. टिचकी मारली त्याच क्षणी पानाने क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो त्या जागेत) एक आज्ञा ठेवलेली असते. आपण ‘रन’ची चौकट उघडतो, ती आज्ञा चिकटवतो आणि स्वतःच्या हाताने चालवतो. वर म्हटलेला बंद कप्पा इथे कामाला येत नाही, कारण आज्ञा पानाने नाही, आपण दिली. ती बाहेरून प्रोग्रॅम आणते, आणि तो बहुधा ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड व लॉगिन उचलून नेतो. कुठलीही खरी साइट माणूस असल्याचा पुरावा म्हणून ‘रन’ची चौकट उघडायला सांगत नाही.

असं एंटर दाबलं गेलं असेल तर घरच्यांनी मुलावर ओरडण्यात वेळ घालवू नका. नेटची वायर काढा. दुसऱ्या उपकरणावरून, म्हणजे मोबाइलवरून, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. ईमेल आधी, कारण उरलेल्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. प्रत्येक खात्यात ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हेही करा. चोरलेलं लॉगिन पासवर्ड बदलल्यावरही काही ठिकाणी चालत राहू शकतं. त्यानंतर ऑफलाइन स्कॅन. आणि इथे मात्र फाइलींची प्रत काढून विंडोज नव्याने टाकणं योग्य आहे. फॉरमॅटची खरी वेळ हीच.

राहिला तो खोट्या इशाऱ्यातल्या नंबरवर फोन केलेल्यांचा प्रश्न. पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा तसलंच दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला लावतो आणि त्यावर दिसणारे आकडे विचारतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना अशा गैरवापराबद्दल सावध केलं होतं. आत आल्यावर तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही विंडोजची नोंदवही उघडून लाल खुणांची यादी दाखवतो आणि म्हणतो, हे बघा व्हायरस. निरोगी संगणकातही त्या खुणा शेकड्यांनी असतात, एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी तिथे लाल नोंद पडते. पुढची खेळी परताव्याची. तो बँकेचं पान उघडायला लावतो, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून त्या पानावरचा आकडा बदलतो आणि ‘चुकून जास्त पैसे आले, परत करा’ म्हणतो. खात्यात काहीच आलेलं नसतं; पान रीफ्रेश केलं की आकडा मूळचा दिसतो.

अशा वेळी फोन ठेवा आणि राउटरच बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा आणि कार्डाच्या मागच्या नंबरवरून बँकेला कळवा. गूगलवर बँकेचा नंबर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. १९३० ला रक्कम, वेळ, खातं आणि व्यवहाराचा क्रमांक लागतो. यूपीआयच्या व्यवहारात तो १२ आकडी यूटीआर असतो. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने बँकेला कळवल्याच्या वेळेला फार महत्त्व दिलं. त्यानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून ‘आधी नानांना विचारू, सकाळी बघू’ असं करू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. नंतर संगणकातून ते रिमोटचं सॉफ्टवेअर काढा. ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ची यादी तारखेप्रमाणे लावली की त्या दिवशी आणखी काय काय आलं तेही दिसतं. सगळं काढा, ऑफलाइन स्कॅन करा.

मुलं पुण्याला किंवा सुरतला आणि आई-वडील पाचोऱ्याला किंवा शहाद्याला, असं चित्र घरोघरी आहे. त्यांच्या संगणकावर रोजच्या वापरासाठी ‘स्टँडर्ड’ खातं करून द्या: सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मुलाकडे राहू द्या. मग बऱ्याच प्रोग्रॅमना आत बसण्याआधी तो पासवर्ड मागावा लागतो आणि आबांना मुलाला फोन करावाच लागतो. दुरून मदत करायची तर विंडोजचं क्विक असिस्ट पुरतं. मदत करणारा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सहा अक्षरांचा कोड घेतो, समोरचा तो टाइप करतो. कोड १० मिनिटांत बाद होतो. फसवणारेही हेच साधन वापरतात, म्हणून घरात एक नियम ठरवून घ्या. फोन नेहमी आई-वडिलांनी लावायचा, मोबाइलमध्ये आधीपासून सेव्ह असलेल्या मुलाच्या नंबरवर. समोरून आलेल्या फोनवर, तो मुलाच्या नावाने आला तरी, कोड टाइप करायचा नाही. काम झालं की क्विक असिस्टची खिडकी बंद करायची, आणि ती बंद झाली का हे मुलाने फोन ठेवण्याआधी विचारून घ्यायचं.